उपवास सुटत नाही तेव्हा

नवरात्र सरलं, अमरावतीत अंबादेवीचे उपवास सुटले. एखाद्या घरातल्या पोरीचा मात्र सुटतच नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांकडे सरकतो, तरी तिला थंडी वाजते. वजन उतरलंय, पाळी थांबलीय, हातांवर बारीक लव आलीय. हा अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा नावाचा आजार असू शकतो. 1873 साली लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी दिलेलं हे नाव जरा फसवंच: अर्थ भूक नसणे, पण भूक बहुधा असते, ती दाबली जाते. आपल्याकडच्या काही मुली जाडीची भीती बोलूनही दाखवत नाहीत. 'पोट भरल्यासारखं वाटतं' एवढंच सांगतात. मुलग्यांनाही होतो बरं! नखरे समजून रागावू नका. आधी डॉक्टरांकडे, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे 14416. तिथं मराठीतही बोलता येतं.