उडत्या कीटकांची लेसरद्वारे टेहळणी
(नंदिनी नगर, भिलाई येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणी आणि त्यांच्या सभोवार पसरलेली दुर्ग जिल्ह्यातील भातशेती आपल्या नित्य परिचयाची आहे. भाताचा हंगाम भरात आला की सायंकाळी रस्त्यावरील दिव्यांभोवती कीटकांची गर्दी होते. त्यांत तुडतुडे किती, डास किती आणि निरुपद्रवी जीव किती? आणि दिव्याकडे न फिरकता अंधारातून थेट शेतात उतरलेले किती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणारे एक तंत्र गेल्या दोन दशकांत विकसित झाले आहे. त्याचा परिचय करून देणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

दूरसंवेदनाचे दोन प्रकार आपण अभ्यासले असतील. १९८८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आयआरएस-१ए उपग्रहाचे कॅमेरे परावर्तित सूर्यप्रकाश टिपत. हे निष्क्रिय संवेदन होय. याउलट स्वतः लहरी सोडून त्यांचे परतणे मोजणे हे सक्रिय संवेदन. त्यात रेडिओलहरी वापरल्या तर रडार, आणि लेसर प्रकाश वापरला तर लायडार. २००८ मध्ये चांद्रयान-१ वरील लेसर उपकरणाने चंद्रपृष्ठाची उंचसखलता याच तत्त्वावर मोजली. प्रकाशाला दीडशे मीटर जाऊन परत यायला एक मायक्रोसेकंद लागतो, म्हणून परतीच्या वेळेवरून अंतर कळते.

कीटकांसाठी प्रथम उपयोगात आले ते रडार. ग्लेन शेफर यांनी १९६८ मध्ये नायजर देशात टोळांच्या उड्डाणाचा रडारने अभ्यास केला. परंतु जमिनीलगत झाडे, घरे, बांध यांच्याकडून परतणाऱ्या लहरींच्या गोंगाटात छोटा कीटक हरवतो, आणि पिकाला उपद्रव देणारे बरेचसे कीटक नेमके याच थरात वावरतात. लेसरचा झोत अरुंद असल्याने तो पिकाच्या माथ्यावरून काही मीटर उंचीवर आडवा सोडता येतो.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात मिकेल ब्रिडेगार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या उपकरणात स्पंद मोजण्याऐवजी अखंड अवरक्त झोत वापरला जातो. तिरक्या बसविलेल्या संवेदकावर प्रतिमा कोठे पडते, यावरून कीटकाचे अंतर ठरते. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्फ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्रणासाठी मांडलेले हे जुने भूमितीय तत्त्व आहे. नोंदी सेकंदाला हजारो वेळा होत असल्याने कीटक झोतातून जाताना त्याच्या पंखांची फडफडही उमटते. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलविते. डासांच्या बाबतीत हा आकडा कित्येक शेकडा असतो, आणि नराचा मादीपेक्षा अधिक. फुलपाखराची फडफड त्या मानाने अगदी संथ. प्रतिध्वनीची तीव्रता आकाराचा अंदाज देते.

या तंत्राचे खरे मोल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून ध्यानात येते. स्वीडनमध्ये उन्हाळ्यातील एकाच रात्री लायडारने २२,८०८ कीटकांची नोंद केली. शेजारी नेहमीचा प्रकाश सापळाही होता. दोहोंच्या नोंदींतील चढउतार जुळले, पण ते सापळ्यापासून केवळ पाच मीटरच्या परिघात! लहान कीटक रात्री दहाच्या सुमारास सापळ्याजवळ गोळा झाले. मोठे कीटक त्यानंतर तिकडे सरकले. सापळा जे सांगतो ते त्याच्या अगदी जवळच्या हवेबद्दल आणि तेही कीटकांना स्वतःकडे ओढून घेऊन, ही मर्यादा आकड्यांत दिसली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला झालेल्या सूर्यग्रहणाच्या सुमारास टांझानियात हिवतापवाहक डासांसाठी केलेल्या निरीक्षणात तीन लाखांहून अधिक नोंदी मिळाल्या.

आता आपल्या शेजारच्या विदर्भाकडे वळू. २००८ च्या खरिपात तेथे पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचे मोठे नुकसान केले. त्यानंतर महाराष्ट्रात क्रॉपसॅप हा पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. सर्वेक्षक ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज आठ पतंग आढळले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. या सापळ्याकडे केवळ नर आकर्षित होतात, हे विसरता कामा नये. २०१७ मध्ये बोंडअळीने कपाशीची दैना केली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या घरात शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी केव्हा अनावश्यक आहे हे वेळेवर सांगता येणे हा जीवितरक्षणाचाही प्रश्न आहे, तो केवळ उत्पादनखर्चाचा नव्हे.

म्हणून लायडार आले की सापळे मोडीत काढावेत काय? माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. झोतातून किती कीटक गेले, केव्हा गेले आणि कोणत्या अंतरावर, हे लायडार उत्तम सांगतो. तो कीटक कोणता, हे मात्र पुष्कळदा अंदाजाने. फडफडीचा वेग तापमानानुसार बदलतो आणि निरनिराळ्या जातींचे आकडे एकमेकांत मिसळतात. सापळ्यातील कीटक हातात घेऊन ओळखता येतो. धुके व पाऊस झोताला अडवितात, आणि आपल्याकडे खरीप म्हणजेच पावसाळा. शिवाय अदृश्य अवरक्त लेसर डोळ्यांना अपाय करू शकतो, म्हणून माणसांची ये-जा असलेल्या बांधावर त्याची तीव्रता व उंची जपूनच ठरवावी लागते.

भातावरील तपकिरी तुडतुड्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याचे लांब पंखांचे प्रौढ उडत शेतात येतात. त्यांच्या वंशातील आखूड पंखांचे प्रौढ उडूच शकत नाहीत. ते बुंध्याशी बसून रस शोषतात आणि झपाट्याने वाढतात. पहिल्यांचे आगमन लायडारला दिसेल, दुसऱ्यांची वाढ कधीच दिसणार नाही. ती पाहण्यासाठी कोणीतरी चिखलात उतरून भाताचे चूड बाजूला सारायला हवेत. नंदिनीच्या आसपास असा प्रयोग करायचा झाल्यास एका बांधावर लायडार, त्याच्या झोताच्या दोन्ही टोकांना प्रकाश सापळे आणि आठवड्यातून दोनदा चुडांची मोजणी अशी मांडणी एक पूर्ण हंगाम चालवावी लागेल. लायडारने तुडतुड्यांचे आगमन टिपल्यानंतर किती दिवसांनी बुंध्याशी त्यांची संख्या वाढते, तो अवधी त्यातून मोजता येईल. शेतकऱ्याला सूचना देण्यासाठी हाताशी असणारा वेळ तेवढाच.