ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या पाटणवरून वाहणारी कोयना ज्या कऱ्हाडास कृष्णेला मिळते, त्या कऱ्हाडाजवळील गोळेश्वर गावी दि. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील मल्ल असल्याने तांबड्या मातीचे संस्कार घरीच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विद्याही मिळाली.

आंतरराष्ट्रीय कुस्तीचे दोन प्रकार आहेत. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली धरण्यास व पायांनी डाव करण्यास मनाई असते. तेथे आपला एकेरी पट किंवा टांग चालत नाही. मुक्त शैलीत ही बंधने नसतात. खाशाबा लढले ते मुक्त शैलीत. सन १९४८ मध्ये लंडन येथे, गादीवरील कुस्तीचा सराव नसतानाही, त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला.

सन १९५२ च्या हेलसिंकीवारीसाठी मात्र द्रव्याची अडचण उभी राहिली. गावोगावी वर्गणी गोळा झाली, आणि प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले! शिष्यासाठी राहते घर गहाण टाकणारा गुरू आम्हां शिक्षकांना सदैव वंदनीय वाटत आला आहे. त्या ऋणाचे चीज झाले. बँटमवेट गटात जपानचा इशी पहिला व सोव्हिएत संघाचा ममदबेयोव दुसरा आला, आणि खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशास १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. कऱ्हाड स्टेशनावरून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांच्या ताफ्यासह त्यांची मिरवणूक निघाली.

परंतु मिरवणुकीने पोट भरत नाही. सन १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. दि. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. सन २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला, तो मरणोत्तर. हयातीत उपेक्षा आणि मागाहून गौरव, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे.

बंधूंनो, वर्गणी देणाऱ्यांनी खाशाबांची जात विचारली नव्हती. जिल्ह्याचा पोर एवढीच ओळख पुरेशी होती. आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देते, हे योग्यच आहे. तथापि डोंगरकपारीच्या वाडीतून तालमीत जाणाऱ्या मुलाच्या दुधाबदामाचा खर्च एकट्या शेतकरी बापास कसा झेपावा? गुणपत्रिकेवर त्याची मेहनत दिसत नाही. म्हणून विद्यार्थी-निधीचा काही अंश होतकरू मल्लांच्या खुराकासाठी व शिक्षणासाठी राखून ठेवावा आणि तो देताना ज्ञातीची मर्यादा पाळू नये, अशी आमची मंडळास नम्र सूचना आहे. मल्लांनीही शाळा सोडू नये. खाशाबांनी तालीम आणि विद्या दोन्ही सांभाळल्या.

पदक आल्यावर हार घालण्यास सारेच धावतात. पदकापूर्वी हात देणारे थोडे. त्या थोड्यांत आपली गणना व्हावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.