काला : कला, कल्पना आणि क्रीडा

(वार्षिकोत्सवप्रसंगी महाजनांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कला आणि संस्कृती हे शब्द उच्चारताच आपल्या मनश्चक्षूंसमोर रंगमंच, गायक, मूर्तिकार आणि पोथ्या उभ्या राहतात. खेळ मात्र आपण मुलांच्या हवाली करून मोकळे होतो. वास्तविक आपली भाषा निराळी साक्ष देते. नाटकाच्या प्रयोगाला आपण ‘खेळ’ म्हणतो आणि परमेश्वराच्या चरित्राला ‘लीला’. ज्या समाजाने हे शब्द घडविले, त्याने खेळाला हलके लेखिले असेल असे मला वाटत नाही.

उदाहरण आपल्या गोमंतकातीलच घेऊ. माशेल येथील श्री देवकीकृष्णाच्या मंदिरात आषाढी एकादशीला अखंड भजनास आरंभ होतो. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, अंगाला तेल माखलेली लहानथोर मंडळी हरिनामाच्या गजरात देवळासमोरच्या पटांगणात उतरतात. पर्जन्यराजाने तेथे चिखल सिद्ध करूनच ठेवलेला असतो. मग चेंडू, बेडूकउड्या, आंधळी कोशिंबीर असे खेळ रंगतात. घटकाभरात थोरला कोण आणि धाकटा कोण, हे घरच्या माणसांनाही ओळखू येत नाही. काला म्हणजे मिसळण. गोकुळात गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या गेल्या. माशेलच्या चिखलकाल्यात माणसेच कालविली जातात.

यात कल्पनेचा भाग कोणता, तो पाहू. पुराणकथेप्रमाणे श्रीकृष्ण जन्मला त्याच रात्री गोकुळात नेला गेला. त्याचे रांगणे, खोड्या, लोणी चोरणे हे सारे यशोदेच्या वाट्याला आले. माती खाल्ल्याबद्दल रागावून तोंड उघडविले असता विश्वरूपाचे दर्शन घडले, तेही यशोदेलाच. देवकीच्या पदरी उरला कारावास. असे असता माशेलच्या गाभाऱ्यात बाळकृष्णासह पूजिली जाते ती देवकी, आणि तिच्याच दारात गावची मुले दरवर्षी मातीत लोळतात. शास्त्रात हा अर्थ सांगितला आहे असा माझा दावा नाही. मला तो तसा भासतो. कथेने जे मातेला नाकारले, ते कल्पनेने आणि खेळाने तिच्या पदरात घातले. कलेचे याहून थोर कार्य ते कोणते?

हे दैवत मूळचे चोडण बेटावरील. पोर्तुगीज अमदानीतील धर्मछळामुळे ते मयेमार्गे माशेलला आले. आपणांपैकी अनेकांच्या कुलदेवतांची कहाणी अशीच आहे. मूर्ती डोक्यावरून नेता येते. रीत मात्र माणसांच्या अंगांतूनच न्यावी लागते.

म्हणूनच एक चिंता आपणापुढे मांडतो. कारकुनीत हयात घालविल्यामुळे जमाखर्चाचे मोल मी जाणतो. 1933 सालच्या देवस्थान नियमावलीस अनुसरून आपण अंदाजपत्रके, मिळकती आणि सभांचे वृत्तांत दप्तरी ठेवतो. परंतु यंदाच्या उत्सवात आपल्या घरची किती मुले खेळली, याचा रकाना कोणत्याही वहीत नाही. 2023 साली राज्याच्या पर्यटन खात्यानेही चिखलकाल्याचा महोत्सव योजिला. पाहुण्यांना उत्सव दाखविणे हा आतिथ्यधर्मच होय. तथापि पाहणारे वाढले आणि खेळणारे घटले, तर काल्याचा देखावा होण्यास विलंब लागणार नाही.

मुंबई-पुण्याहून जत्रेला येणारी आपली नातवंडे कडेला उभी राहून मोबाईलवर चित्रे टिपतात. “कपडे मळतील हं!” असे आपणच त्यांना बजावतो. माझी विनंती इतकीच की, पुढील खेपेस येताना ओटीच्या सामानाबरोबर नातवंडासाठी जुन्या कपड्यांचा एक जोडही आणावा. जेथे चिखलकाला नाही, तेथे त्यांच्या हाती झांजा द्याव्यात, दिवजा उजळू द्याव्यात, उत्सवी नाटकात एखादे सोंग द्यावे. सूर चुकेल, संवाद विसरेल; हरकत नाही. देवापुढे आपण फळफुले ठेवतो, तशी घटकाभराची क्रीडाही ठेवावी.

तशी बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.