घरातली बंदूक आणि कायद्यातले आकडे

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी लखनौच्या महानगर भागात स्थायिक झालो. इथल्या लग्नात मी वरातीच्या पुढे कधी चालत नाही, चार हात मागेच राहतो. कारण इकडे नवरदेव निघाला की बंदुका उडतात. त्याला ‘हर्ष फायरिंग’ असं गोंडस नाव आहे. 2016 च्या अखेरीस देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्रपरवाने होते, त्यातले 12 लाख 77 हजारांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात. म्हणजे ही शस्त्रं गुंडांची नव्हेत. कागदपत्रं नीट असलेल्या, तुमच्याआमच्यासारख्या माणसांची आहेत.

म्हणून आज शिक्षेबद्दल बोलू.

संजय दत्तचा खटला सगळ्यांना आठवत असेल. टाडा न्यायालयाने त्याला दहशतवादाच्या आरोपातून मोकळं केलं, पण एके-56 रायफल आणि पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल 2007 मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली. तेव्हा लोक म्हणाले, नट आहे, सवलत मिळाली. पण प्रतिबंधित शस्त्रासाठी कायद्यातली किमान शिक्षाच पाच वर्षं होती. त्याखाली जायला त्या कलमात वाट नव्हती. आज तोच गुन्हा घडला तर किमान सात आणि कमाल चौदा वर्षं.

हा बदल 2019 च्या दुरुस्तीने झाला. 14 डिसेंबर 2019 पासून ती लागू आहे. साधं, म्हणजे प्रतिबंधित नसलेलं शस्त्र विनापरवाना सापडलं, मग तो गावठी कट्टा का असेना, तर पूर्वी एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच. इथे न्यायाधीश दोनच्या खाली जाऊ शकतात, पण त्यासाठी पुरेशी आणि खास कारणं निकालात लिहावी लागतात. बेकायदा बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सात वर्षांपासून थेट जन्मठेप. हे मला पटतं. पुरवठा तोडल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही.

पटत नाही ते पुढचं. वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर याच दुरुस्तीने जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. किमान काहीच नाही, नुसत्या दंडावरही सुटका. कट्टा खिशात ठेवणाऱ्या पोराला जिथून सुरुवात, तिथे परवानाधारक ठाकूरसाहेबांची कमाल मर्यादा संपते! बंदूक हातात धरायला ज्याला शिकवलंय, त्याची जबाबदारी जास्त असायला हवी. फायरिंग रेंजवर आम्ही हेच घोकून घेत होतो.

माणूस मेला तर मात्र गोष्ट वेगळी. उत्तराखंडातल्या लग्नातल्या अशाच गोळीबारात दोघांचा जीव गेला होता. मार्च 2020 मध्ये सरन्यायाधीश बोबडे, न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती सूर्यकांत यांच्यापुढे तो खटला आला. खुनाचं कलम हटलं, पण सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षं सक्तमजुरी झाली. बंदूक परवान्याची होती, यामुळे काही सुटका झाली नाही.

आता निवृत्त मंडळींसाठी कामाचं. परवान्यावर आता दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिसरं 13 डिसेंबर 2020 पर्यंत जमा करायचं होतं. मध्यंतरी पुण्याहून जुन्या सहकाऱ्याच्या पत्नीचा फोन आला. “भावजी, ह्यांची दुनाळी अजून कपाटातच आहे हो. वर्षश्राद्धही झालं. चालतं ना?” नाही चालत, वहिनी. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. तो गेला की तीच दुनाळी विनापरवाना ठरते. खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते हे खरं, पण त्या भरवशावर कशाला बसायचं? विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मुलाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा.

आणि काडतुसं विसरू नका, तीही त्याच कलमात येतात. जुन्या बॅगा, कोटाचे खिसे, ट्रंकेचा तळ, सगळं तपासा. मग बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती घेऊनच घरी या.