पाकिटावरचा शिक्का
(शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी, मृदंगमणी, डोईवर तुळस घेणाऱ्या माय-माउल्या आणि गावकरी मंडळी,

मी काही कीर्तनकार नाही. टपालाची तिकिटं गोळा करणारा साधा माणूस. कमिटी म्हणाली, तुमच्या छंदावर दोन शब्द बोला. बोलतो, पण आधी माझी एक चूक कबूल करतो.

आमचे आजोबा या दिंडीत चालायचे. एका आषाढीला त्यांनी पंढरपुराहून पाकीट धाडलं. आत चार ओळी होत्या: सुखरूप पोचलो, यंदा वीणा माझ्या गळ्यात आली. पाकिटावर नामदेव महाराजांचं तिकीट. मी शाळकरी पोर. कात्रीनं तिकीट कापलं, पाण्यात भिजवून सोडवलं, वहीत लावलं आणि पाकीट चुलीत घातलं. चिठ्ठी आजीनं जपली; तिच्यावर सालच नाही.

आता या ग्रंथासाठी विणेकऱ्यांची यादी केली, तेव्हा आजोबांच्या नावापुढं साल कोणतं, यावर वाद झाला. कुणी म्हणे १९६९, कुणी म्हणे नंतर. पाकिटावर पंढरपूरच्या पोस्टाचा तारखेचा शिक्का होता. तो आज असता तर वादच उरला नसता. माझ्या तिकिटावर शिक्क्याची नुसती कड आहे. तारीख चुलीत गेली.

तरी तिकीट एक गोष्ट सांगतं. नामदेव महाराजांचं वीस पैशांचं तिकीट निघालं ९ नोव्हेंबर १९७० ला. म्हणजे पत्र १९६९ चं असूच शकत नाही. १९७१ ची आषाढी किंवा त्यानंतरची. यादीत तसंच छापायला मी सांगितलंय. अंदाजानं साल घालू नका, म्हटलं.

मंडळी, जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट इंग्लंडात १८४० साली निघालं. आपल्याकडं सिंध प्रांतात १८५२ ला. स्वतंत्र भारताचं पहिलं, तिरंग्याचं, २१ नोव्हेंबर १९४७ ला. मग १९५२ ला कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास तिकिटावर आले. माउली आल्या १९९७ ला, गाडगेबाबा १९९८ ला, तुकोबाराय २००२ ला, नाथमहाराज २००३ ला.

नवं तिकीट निघतं त्या दिवशी ते खास पाकिटावर लावून त्याच तारखेचा शिक्का मारतात. त्याला प्रथम दिवस आवरण म्हणतात. नवं तिकीट नसतानाही एखाद्या सोहळ्यासाठी वेगळं छापलेलं पाकीट आणि वेगळा शिक्का काढतात, ते विशेष आवरण. दोन्हींत पाकीट, तिकीट आणि शिक्का असे तिघं एकत्र असले तरच मोल. टाळ, वीणा, मृदंग असावेत तसं. एक काढून घेतला की भजन मोडलं.

कुणी विचारील, संत सांगतात साठवू नका, मग हा सोस कशाला? खरं आहे. किती पैसे येतील म्हणून जमवलं तर तो लोभच. पण आपल्या माणसांचा माग राहावा म्हणून जपलं, तर ती सेवा आहे असं मी मानतो.

म्हणून हात जोडून विनंती. घरी जा, पेटी उघडा, आढ्याला खोचलेली जुनी पत्रं खाली काढा. तिकीट कापू नका. गोंद, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या हातानं धरा, ऊन आणि ओल लागू देऊ नका, कागदाच्या स्वच्छ घडीत ठेवा. शिक्क्यावरचं गाव आणि तारीख वहीत उतरवा. पत्र तुमच्याच घरी राहू द्या. दिंडीला फक्त नक्कल द्या.

कुणाच्या पेटीत आमच्या आजोबांचं त्या साली धाडलेलं दुसरं पाकीट निघालं, तर मला बोलवा. मी चालत येईन. कात्री मात्र घरी ठेवून येईन.

रामकृष्ण हरी!