चेंडू, रोलर आणि स्वाभिमान
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीला त्रिवार वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही काही पंडित नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

विषय क्रिकेटचा आहे. विहारात क्रिकेट कशाला, असं आयाबायांना वाटेल. पण गेल्या महिन्यात आपल्या पोरांनी वर्धापनदिनाच्या स्पर्धेच्या ढालीला बाळू पालवणकर यांचं नाव द्यायचं ठरवलं आणि समितीत वाद पेटला. एक ज्येष्ठ उपासक उठून म्हणाले, "ज्या माणसाने बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणूक लढवली, त्याचं नाव आपल्या ढालीला?" पोरं गप्प झाली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दोघांचंही म्हणणं खरं होतं. म्हणून हा माणूस कोण होता, ते आधी नीट ऐकून घेऊया.

बाळूंचं घराणं रत्नागिरीकडच्या पालवण गावचं, चर्मकार समाजाचं. त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेलं. गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर हे भाऊ खेळायला शिकले. पुढे पुण्यात पारशांच्या क्लबात बाळूंना खेळपट्टीची निगा राखायचं काम मिळालं. पगार महिना ३ रुपये. मग १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात गेले. तिथे ४ रुपये. रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावाची जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

बांधवांनो, इथे लक्ष द्या. पगार रोलरचा होता, कलेचा नव्हता. पण बाळूंनी त्या चाकरीचीच शाळा केली. रोज तासन् तास डाव्या हाताने चेंडू टाकले. कुठे टप्पा टाकला की चेंडू वळतो, कुठे फसतो, ते हाताला शिकवलं. ग्रेग नावाचे नामांकित गोरे फलंदाज त्यांच्याकडून जादा सराव करून घेत आणि आपल्याला बाद केलं की आठ आणे देत, असं सांगतात. हिशेब करा. साहेबाला आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार निघाला! पण इतकी वर्षं चेंडू टाकूनही त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट कुणी दिली नाही. बॅट साहेबाची, घाम बाळूंचा. बदली कामगार म्हणून ज्यांनी गिरणीच्या दारात दिवस काढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नाव झालं, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाला या गोलंदाजाची गरज पडली. मैदानावर चेंडू सगळे एकच हाताळत. पण चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं. बळी घेताना विटाळ नाही, पाणी पिताना विटाळ! ही कसली शुद्धी, बाबांनो?

पुढे ते मुंबईला आले. रेल्वेत नोकरी धरली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे ८ बळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. त्या वर्षी आपले बाबासाहेब वीस वर्षांचे होते, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते.

एवढं सगळं करूनही बाळूंना कर्णधारपद मिळालं नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या पैंनी स्वतःच जाहीर सांगितलं, की हा मान बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे दोघे भाऊ संघाबाहेर राहिले आणि त्यांनी उघड निषेध केला. बोंबाबोंब झाली. पुढच्या सामन्यात तिघेही परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांनी युरोपियनांना हरवलं, तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. बळी शेकड्यांनी घेतले तरी जे दार उघडलं नाही, ते भावांच्या एकीने हललं. बाबासाहेब आपल्याला संघटित व्हा असं का सांगत होते, ते इथे कळतं.

आता त्या कडू गोष्टीकडे येऊ. ती लपवायची नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे, पण ते उभे होते काँग्रेसच्या बाजूला. १९३७ च्या निवडणुकीत आपल्याच भायखळा-परळच्या गिरणगावात काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभं केलं. स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. गिरणगावाने निकाल दिला आणि तो योग्यच होता. आपला माणूस आपल्याच माणसासमोर उभा करायची ही खेळी जुनी आहे. पोरांनो, ती ओळखायला शिका. तुमच्या हातातली कला उद्या दुसरा कुणी आपल्या कामाला लावील.

मग ढालीवर नाव असावं की नसावं? कालाम सुत्तात तथागतांनी शिकवलं, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या. आम्ही पारखलं. बाळूंचं राजकारण आम्हाला मान्य नाही. पण त्यांचा रोलर, त्यांचा घाम आणि तंबूबाहेरचं ते मातीचं भांडं, हा आपलाच इतिहास आहे. तो आपण टाकला तर दुसरे उचलतील आणि भांड्याची गोष्ट गाळून सांगतील. म्हणून समितीने नाव मान्य केलं, आणि ढालीशेजारच्या फळ्यावर सगळी हकीकत लिहायचं ठरलं, १९३७ सकट. ते ज्येष्ठ उपासक स्वतः अक्षर काढणार आहेत. त्यांचं अक्षर सुंदर आहे!

आणि आईबापांना एक विनंती. पोरगं खेळतं म्हणून त्याला मारू नका, आणि खेळतं म्हणून शाळाही सोडू देऊ नका. बाळूंनी पोटासाठी रेल्वेची नोकरी धरली, तेव्हा खेळ टिकला. आज वाटा जास्त आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्रं लागतात, ती जपून ठेवा. पंचाची परीक्षा आहे, गुणलेखकाची आहे, खेळपट्टी राखणारालाही आज मान आहे. सगळीच पोरं फलंदाज होणार नाहीत, पण मैदानाभोवती भाकरी पुष्कळ आहे. आणि हो, मुलींनाही बॅट द्या. जाळीत चेंडू टाकायलाच त्यांना उभं केलं, तर आपण त्या साहेबांपेक्षा वेगळे कसे?

चुकलंमाकलं असेल तर मोठ्या मनाने समजून घ्या. एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!