दुखणं त्याचं, बोल तिला
(शिरपामाळ, ता. जव्हार इथे बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)



१६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असं आपण ऐकत आलो. मानाची ही जागा. आज मात्र मी लाजेपायी दडवलेल्या एका दुखण्याबद्दल बोलणार आहे. दुखणं पुरुषाचं, पण त्याची शिक्षा बाई भोगते.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची बाई माझ्याकडे आली. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. भगत झाला, कोंबडं झालं, तिच्या तपासण्याही झाल्या. तिच्यात काही दोष निघाला नाही. तरी ‘वांझोटी’ म्हणत घरच्यांनी सवत आणायची बोलणी सुरू केली. ‘नवऱ्याला तपासलं का?’ असं मी विचारलं, तर सगळं घर गप्प. खूप दिवसांनी त्यानेच सांगितलं: वीटभट्टीवर दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी डावं अंड जड होतं, दुखतं, आडवं झालं की बरं वाटतं.

डॉक्टर याला व्हेरिकोसील म्हणतात. काही बायांच्या पायांवर निळ्या शिरा फुगलेल्या असतात ना, तसंच. रक्त वर नेणाऱ्या शिरांतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. हाताला गांडुळांच्या गुंत्यासारखं लागतं. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून त्रास बहुधा डावीकडेच. पुरुषबीज तयार व्हायला शरीरापेक्षा थोडा थंडावा लागतो. रक्त साचलं की तिथली ऊब वाढते. बीज कमी होऊ शकतं, मंदावू शकतं.

शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना हे असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना मुलं होतात. पण मूल होत नाही म्हणून तपासलेल्या शंभर पुरुषांत ३५ ते ४० जणांना हे सापडतं. ही करणी नाही, पाप नाही, संगतीने लागणारा रोगही नाही. यात मर्दपणा गेला असंही नाही.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर उभं करून, जोर करायला लावून हाताने बघतात. वीर्य तपासतात. गरज पडली तर सोनोग्राफी करतात. अंडात पाणी भरलंय की अंतर्गळ आहे, तेही तेव्हाच कळतं. काही त्रास नसेल तर बहुधा उपचार लागत नाही. दुखत असेल तर लंगोटाचा आधार घ्यावा. तरीही दुखत राहिलं किंवा बीज कमी असलं, तर जांघेत छोटा छेद घेऊन शिरा बांधतात. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून फरक तीन ते सहा महिन्यांनी कळतो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. फुगवटा फक्त उजवीकडे असेल किंवा आडवं होऊनही जात नसेल, तर पोटाचीही तपासणी करून घ्या. आणि एकाएकी जोराची कळ आली तर सकाळची वाट बघू नका. अंडाला पीळ पडला असेल तर काही तासांत ते निकामी होतं.

आपली पोरं सैन्याच्या भरतीला जातात. या शिरांपायी वैद्यकीय तपासणीत नापास होतात आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं. पोराशी हे आईनेही बोलावं, बापानेही.

आणखी एक. मूल नाही म्हणून बाईला टोमणे मारणं, तिचा अपमान करणं ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाच आहे. तसं त्यात स्पष्ट लिहिलंय.

त्या बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. मूल झालं का, असं तुम्ही विचाराल. अजून नाही. पण सवत आली नाही, आणि त्या घरात ‘वांझोटी’ हा शब्द आता कुणी काढत नाही. तिच्या बाजूने पहिल्यांदा बोलला तो नवराच.

म्हणून सांगते, मूल होत नसेल तर भगताच्या आधी दवाखाना, आणि दवाखान्यात एकटी बाई नको. दोघं जा.